यंत्राच्या नोंदवहींत अक्षर कसें घालावें

महाराष्ट्रांतील कोणत्याही जुन्या शाळेच्या कचेरींत आपण गेलांत, तर कपाटांत जपून ठेवलेली एक जाडजूड नोंदवही आपणांस दिसेल. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मूल शाळेंत दाखल झालें कीं त्याचें नांव, वडिलांचें नांव, जन्मस्थान, जात, धर्म आणि जन्मतारीख हें सर्व तिच्या एका ओळींत उतरतें. जन्मतारीख तर एकदां अंकीं आणि एकदां अक्षरीं, अशी दोनदां लिहिण्याचा रिवाज आहे. पुढें शाळा सोडल्याचा दाखला निघतो तो या ओळीवरूनच. आणि त्या दाखल्यावर नोकरी, पासपोर्ट, जातीचें प्रमाणपत्र आणि निवृत्तीचा दिवस अवलंबून राहतो. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत पुष्कळांची जन्मतारीख १ जून कां असते, हें रहस्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. आईला त्या वर्षींचा पाऊस आठवत होता, मास्तरांना रकाना भरावयाचा होता. मास्तरांनीं १ जून लिहिलें आणि सरकारदरबारीं तोच जन्म ठरला!

एका ओळीचा अधिकार एवढा मोठा आहे. आतां या वह्यांचा कागद पिवळा पडून कडांनीं तुटूं लागला आहे आणि त्यांतील मजकूर संगणकांत उतरविण्याचें काम ठिकठिकाणीं चाललें आहे. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं. जन्म शाळामास्तरकींत गेला. निवृत्त झाल्यावर असें एक काम माझ्या वांट्याला आलें आणि तें मी आज्ञेच्या ओळीवरून, म्हणजे कमांड लाइनवरून करतों. तें कसें करावें आणि त्यांत सांभाळावयाचें काय, हें आज आपणांस सांगणार आहें.

संगणकाशीं बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकींत पडद्यावर चित्रें व चौकटी असतात आणि आपण बोटानें दाखवितों. दुसरींत पडदा कोरा असतो. आपण एक वाक्य लिहितों, यंत्र तें पाळतें आणि उत्तर लिहून दाखवितें. ही दुसरी तऱ्हा प्रथमदर्शनीं रुक्ष वाटते. परंतु नोंदीच्या कामीं तिचा एक मोठा गुण आहे. आपण यंत्राला काय सांगितलें, तें शब्दशः कागदासारखें मागें राहतें. दुसरा माणूस तें वाचूं शकतो, तपासूं शकतो आणि लागल्यास पुन्हां चालवूं शकतो. चौकटींत दाबलेल्या बटणाची अशी साक्ष सहसा मागें राहत नाहीं.

ज्या भाषेंत हीं वाक्यें लिहावयाचीं, तिला एसक्यूएल म्हणतात. तिचा पाया एडगर कॉड या गणितज्ञानें १९७० सालीं घातला. माहिती तक्त्यांत ठेवावी, तक्त्याला ओळी व रकाने असावेत आणि प्रश्न विचारणाऱ्यास ती यंत्रांत कोठें पडली आहे याची चिंता नसावी, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्याच आयबीएम कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं त्या विचाराला ही भाषा दिली. ती समजणारे डेटाबेस आज अनेक आहेत. घरीं किंवा शाळेंत वापरण्यास सोपा म्हणजे एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनीं तो २००० सालीं प्रसिद्ध केला आणि सर्वांस विनामूल्य मोकळा ठेवला. त्याची सबंध नोंदवही एकाच साध्या फाइलींत मावते, आणि आपल्या खिशांतील मोबाइलमध्येंही तो बहुधा असतोच.

आतां प्रत्यक्ष नोंद. आज्ञेचे शब्द रोमन लिपींत लिहावयाचे असतात. मी त्यांचा उच्चार सांगतों. प्रथम ‘इन्सर्ट इंटू’, म्हणजे ‘यांत घाल’. मग तक्त्याचें नांव, समजा ‘विद्यार्थी’. मग कंसांत रकान्यांचीं नांवें. मग ‘व्हॅल्यूज’ हा शब्द. मग दुसऱ्या कंसांत त्याच क्रमानें मजकूर. आणि शेवटीं अर्धविराम. या वाक्यांत अर्धविराम म्हणजे पूर्णविराम होय. तो विसरलांत तर यंत्र रागावत नाहीं. तीन टिंबें दाखवून आपलें बोलणें पुरें होण्याची वाट पाहतें. नवशिका येथें घाबरतो आणि सगळें वाक्य पुन्हां लिहूं लागतो. त्याची गरज नसते. राहिलेला अर्धविराम द्यावा, एवढेंच.

आतां या विषयाचें मर्म. या वाक्यांत दोन निराळ्या जातीचे शब्द शेजारीं शेजारीं बसलेले असतात. कांहीं शब्द म्हणजे यंत्राला दिलेली आज्ञा. कांहीं शब्द म्हणजे केवळ ठेव, नोंदवहींतून आणलेला मजकूर. माणूस वाचतांना हा भेद अर्थावरून ओळखतो. यंत्राला अर्थ कळत नाहीं. त्याला एकच खूण कळते. एकेरी अवतरणचिन्ह उघडलें कीं मजकूर सुरू आणि तें चिन्ह पुन्हां आलें कीं मजकूर संपला. दुहेरी अवतरणचिन्ह मजकुरासाठीं वापरूं नये. तें तक्त्यांच्या व रकान्यांच्या नांवांसाठीं राखलेलें आहे.

मग मजकुरांतच तें एकेरी चिन्ह असलें तर? ही शंका काल्पनिक नाहीं. वसई, मुंबई, गोवें येथील इंग्रजी नोंदवह्या पाहा. डिसोझा, डिमेलो, डिसिल्व्हा हीं आडनांवें रोमन लिपींत लिहितांना पहिल्या डी या अक्षरानंतर वरच्या बाजूस तेंच चिन्ह येतें. यंत्र समजतें, आडनांव एका अक्षरांत संपलें. पुढील ‘सोझा’ ही कांहीं तरी आज्ञा असावी. आणखी गंमत अशी कीं, डिसोझानंतरचें खरें शेवटचें चिन्ह त्याला नव्या मजकुराचा आरंभ वाटतें. म्हणून आपण अर्धविराम दिला तरी तोही मजकुरांत गिळला जातो आणि तीं तीन टिंबें पडद्यावर येतच राहतात. अशा वेळीं एक एकेरी चिन्ह व अर्धविराम देऊन वाक्य बंद करावें. यंत्र तें चुकीचें म्हणून परत करील आणि आपण मोकळे होऊं. नंतर तेंच वाक्य पुन्हां लिहितांना नांवांतील चिन्ह दोनदां ओळीनें द्यावें. दोन चिन्हें जोडून आलीं कीं यंत्र त्यांचें एक समजतें आणि मजकूर पुढें चालूं ठेवतें. नोंदींत मात्र चिन्ह एकच उतरतें.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढें कशाला? चिन्ह गाळून टाकावें, नांव वाचतां आलें म्हणजे झालें! असें करूं नये. ज्याचें नांव आहे त्याच्या पासपोर्टावर तें चिन्ह असेल आणि आपल्या दाखल्यावर नसेल, तर दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हें सिद्ध करण्यासाठीं हेलपाटे त्यानें घालावयाचे, आपण नव्हे. यंत्राची सोय पाहून माणसाचें नांव बदलण्याचा अधिकार नोंद करणाराला नाहीं.

आज्ञा आणि मजकूर यांची ही सरमिसळ नांव बिघडविण्यापुरतीच थांबत नाहीं. एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमांत लोकांनीं लिहिलेला मजकूर तसाच्या तसा आज्ञेच्या वाक्यांत चिकटविला जात असेल, तर दुष्ट माणूस नांवाच्या जागीं आधीं तें चिन्ह आणि त्यामागें आपली आज्ञा लिहितो; आणि यंत्र ती इमानानें पाळतें. या युक्तीचें जाहीर वर्णन १९९८ सालीं झालें, तरी अद्यापि तिनें चोऱ्या होतात. तिच्यावर उपाय साधा आहे. आज्ञेंत मजकुराच्या जागीं प्रश्नचिन्ह ठेवावें, ती आज्ञा यंत्राला आधीं समजूं द्यावी, आणि मजकूर मागाहून स्वतंत्रपणें सुपूर्द करावा. मग त्या मजकुरांत कांहींही लिहिलेलें असो, तो मजकूरच राहतो. आपल्या संस्थेसाठीं कोणी असा कार्यक्रम लिहून देत असेल, तर त्याला हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

आतां आपल्या लिपीकडे वळूं. यंत्र अक्षरें ठेवीत नाहीं, क्रमांक ठेवतें. जगांतील लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नांवाची व्यवस्था आहे. तिच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरी होती. तींत ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. हे क्रमांक फाइलींत मांडण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं बसविली. तिच्यांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दांत म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी मिळून पांच चिन्हें. म्हणून पंधरा बाइट. मजकूर लिहिणारी फाइल, पडदा आणि डेटाबेस या तिघांनीं एकच रीत मानली पाहिजे. एकानें जुनी रोमन रीत धरली तर मराठी नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. ती रांग डेटाबेसमध्यें जाऊन बसली तर तिच्यांतून मूळ नांव परत काढतां येत नाहीं. याच्या उलट, कांहीं पडद्यांवर जोडाक्षरें तुटलेलीं दिसतात, पण आंतला मजकूर शाबूत असतो. म्हणून पडद्यावर विसंबूं नये. नोंदी साध्या लेखन-फाइलींत लिहाव्या, ती यूटीएफ-८ रीतीनें जतन करावी, आणि ‘रीड’ ही आज्ञा देऊन यंत्राकडून वाचवून घ्यावी.

मराठीपुरती एक खास अडचण सांगतों. ‘कऱ्हाडकर’ हें आडनांव घ्या. त्यांतील ‘ऱ्ह’ दोन रीतींनीं लिहितां येतो. एक, युनिकोडनें दिलेलें ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षर वापरून. दुसरी, साधा ‘र’ घेऊन त्याच्या हलन्तापुढें एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखींच दिसतात, क्रमांक मात्र निराळे. निम्म्या नोंदी एका टंकलेखकानें पहिल्या रीतीनें आणि निम्म्या दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें केल्या, तर पुढें कऱ्हाडकरांचा नातू दाखला मागावयास येईल, कारकून नांव शोधील, आणि यंत्र शांतपणें सांगेल कीं अशी नोंद नाहीं. नोंद तर असेल! तीच गोष्ट नांवामागें चुकून राहिलेल्या एका मोकळ्या जागेची. ‘पाटील’ आणि ‘पाटील’ पुढें एक मोकळी जागा, हीं एसक्यूलाइटच्या लेखीं दोन निराळीं आडनांवें. म्हणून काम सुरू करण्यापूर्वींच सर्वांनीं एक रीत ठरवून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. माझ्या मतें ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षरच वापरावें.

अंकांचेंही असेंच. मजकुराच्या रकान्यांत देवनागरी अंक खुशाल लिहावे. परंतु संख्येच्या रकान्यांत यंत्राला इंग्रजी अंकच संख्या म्हणून कळतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस देवनागरी अंक तेथें सरळ नाकारतो. एसक्यूलाइट मात्र ते मुकाट्यानें मजकूर म्हणून ठेवून घेतो आणि बेरजेच्या वेळीं शून्य धरतो. ही मुकाट्याची सभ्यता अधिक घातक आहे. तक्ता करतांना ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द जोडला तर तो कडक होतो. ही सोय २०२१ पासून आहे. रजिस्टर क्रमांकाच्या रकान्यास ‘युनिक’ ही अट घालावी, म्हणजे एकच क्रमांक दोनदां घातला जाणार नाहीं. असे पहारेकरी आरंभींच उभे केलेले बरे.

जन्मतारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानें लिहावी. ३-४-१९४८ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकन रीतीनें ४ मार्च. आणि हीं यंत्रें पुष्कळदां अमेरिकन वळणाचीं असतात. वर्ष प्रथम लिहिलें कीं हा घोळ मिटतो आणि तारखा आपोआप काळाच्या क्रमानें लागतात. शिवाय अक्षरी तारखेसाठीं स्वतंत्र रकाना ठेवावा आणि ती वहींत आहे तशी उतरावी. अंकीं व अक्षरीं लिहिण्याचा जुना रिवाज हा भाबडेपणा नव्हता. एक चुकली तर दुसरी साक्ष देते, हा हिशेब त्यांत होता, आणि यंत्राच्या युगांतही तो तितकाच खरा आहे.

वहींत जें नाहीं त्याचें काय करावें? पुष्कळ जुन्या नोंदवह्यांत आईच्या नांवाचा रकानाच नाहीं. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतींत महाराष्ट्र शासनानें सरकारी कागदपत्रांत आईचें नांव लावणें आवश्यक केलें, ही फार उशिराची सुधारणा.) जुन्या नोंदीसाठीं डेटाबेसमध्यें ‘नल’ नांवाचा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘माहिती नाहीं’. तो अवतरणचिन्हांवांचून लिहावा. चिन्हांत लिहिला तर त्या बाईंचें नांवच ‘नल’ आहे असें यंत्र समजेल. आणि नुसतीं रिकामीं अवतरणचिन्हें म्हणजे ‘नल’ नव्हे. त्यांचा अर्थ ‘येथें मजकूर आहे, पण तो कोरा आहे’ असा होतो. ठाऊक नसणें आणि कांहीं नसणें हे दोन निराळे प्रकार आहेत. १ जून लिहिणाऱ्या मास्तरांच्या वहींत ‘ठाऊक नाहीं’ असें लिहिण्यास जागा नव्हती. आपल्या तक्त्यांत ती आहे. तिचा उपयोग करावा. मात्र त्यांनीं लिहिलेली १ जून ही तारीख आपल्याला संशयास्पद वाटते म्हणून बदलूं नये. आपण नक्कल करीत आहों, न्यायनिवाडा नव्हे.

शेवटची शिस्त मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नोंदी सुरू करण्यापूर्वीं ‘बिगिन’ असें म्हणावें. मग वहीच्या एका पानाच्या नोंदी घालाव्या. मग ‘सिलेक्ट’ या आज्ञेनें त्या पडद्यावर आणून एकानें मूळ वही मोठ्यानें वाचावी आणि दुसऱ्यानें पडदा पाहून ‘आहे’ म्हणावें. सर्व ठीक असेल तर ‘कमिट’ म्हणावें, म्हणजे नोंदी कायम होतात. कांहीं चुकलें असेल तर ‘रोलबॅक’ म्हणावें, म्हणजे ‘बिगिन’ नंतर केलेलें सर्व पुसून वही पूर्ववत् होते. मध्येंच वीज गेली तरीही अर्धवट पान मागें राहत नाहीं. दुरुस्तीच्या ‘अपडेट’ आज्ञेच्या वेळीं तर ‘बिगिन’ विसरूंच नये. त्या आज्ञेंत ‘व्हेअर’ हा शब्द घालून कोणत्या ओळीची दुरुस्ती, हें सांगावयाचें असतें. तो शब्द राहिला, तर एका मुलाची सुधारलेली जन्मतारीख सबंध शाळेला लागते, आणि यंत्र त्याबद्दल एक अक्षरही उच्चारीत नाहीं.

पान पुरें झालें कीं डेटाबेसची एक प्रत ‘बॅकअप’ या आज्ञेनें काढून दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी आणि आज्ञांच्या फाइलीही तारीखवार जपाव्या. या नोंदींत जात, धर्म, जन्म अशी खाजगी माहिती असते. म्हणून त्या प्रती वाटेल त्याच्या हातीं देऊं नयेत. आणि यंत्रांत सर्व उतरलें म्हणून मूळ वही रद्दींत घालूं नये. पुढें केव्हां शंका आली, तर यंत्राला विचारून ती फिटणार नाहीं. त्याला आपण जें सांगितलें तेवढेंच ठाऊक असतें. तेव्हां जुन्या मास्तरांचें अक्षरच पाहावें लागेल.

श्रोतेहो, आपल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं संगणक आहे आणि हाताशीं थोडा वेळही आहे. गल्लींतील वाचनालय, जवळची शाळा, एखादें भजनी मंडळ, कोठें ना कोठें एक जुनी वही कपाटांत जीर्ण होत पडलेली असते. रोज एक पान घेतलें तरी वर्षाकांठीं एक वही पुरी होते. त्या पानावर ज्यांचीं नांवें आहेत ते आपल्याला ओळखणार नाहींत. त्यांतील कोणाचा तरी मुलगा किंवा नात एके दिवशीं खिडकीशीं येऊन नांव सांगेल आणि कारकून तें नांव शोधील. तें त्याला पहिल्याच फेरींत सांपडावें, एवढ्यासाठीं हा खटाटोप.